ट्रॅपच्या पलीकडचं दिसेना: रिस्क-फाइव्हवर जीडीबीचा बॅकट्रेस सुधारताना

प्रश्न थोडक्यात असा: जळगावच्या एमआयडीसीत आम्ही ठिबकचे व्हॉल्व्ह चालवणारा कंट्रोलर बनवतो. ३२ बिटी रिस्क-फाइव्ह चिप, वर फ्रीआरटीओएस ही छोटी रिअल-टाइम ओएस, कोड जीसीसी कंपायलरने ‘-ओएस’ आणि ‘-एमसेव्ह-रिस्टोअर’ (दोन्ही कोडचा आकार कमी करणारे पर्याय) लावून बांधलेला. शेतात डबा अडकला की तो रजिस्टरं आणि स्टॅक फ्लॅशमध्ये लिहून रीसेट होतो. ती माहिती ऑफिसात जीडीबी या डीबगरमध्ये उघडली की बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला कॉल केलं ती साखळी, धड येत नाही. कधी पहिल्या एकदोन फ्रेमनंतर (फ्रेम म्हणजे साखळीतला एक कॉल) नुसती प्रश्नचिन्हं, कधी ‘मागची फ्रेम आणि ही फ्रेम एकच, स्टॅक बिघडलाय का?’ अशा अर्थाचा संदेश, आणि कधी एकमेकांना कधीच कॉल न करणारी फंक्शनं शेजारीशेजारी. जीडीबीतला प्रोलॉग (फंक्शनच्या सुरुवातीच्या, रजिस्टरं जपणाऱ्या सूचना) वाचणारा भागच दुरुस्त करावा असं ठरतंय. सुरुवात कुठून करू?

भाऊ, प्रोलॉग वाचणाऱ्या कोडला आत्ताच हात लावू नका. तुमच्या तिन्ही लक्षणांपैकी बहुतेकांचं मूळ तिथे नाही, आणि तिथे केलेली दुरुस्ती पुढच्या कंपायलरसोबत पुन्हा मोडते. आधी कोण चुकीचं सांगतंय ते शोधा. (जीडीबीच्या आज्ञा खाली उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.)

मुळात अनवाइंडिंग, म्हणजे एकेक फ्रेम मागे जात ही साखळी काढणं, हे नुसता स्टॅक वाचणं नव्हे. स्टॅकवर आकडे असतात. त्यातला कोणता परतीचा पत्ता आणि कोणता एखाद्या व्हॉल्व्हचा टायमर, हे आकड्याकडे पाहून कळत नाही. प्रत्येक फ्रेमपाशी दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. हे फंक्शन सुरू झालं त्या क्षणी एसपी (स्टॅक पॉइंटर) किती होता, यालाच सीएफए म्हणतात. आणि कॉल करणाऱ्याची रजिस्टरं, त्यातही परतीचा पत्ता, आत्ता कुठे ठेवलेली आहेत. साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या फडावर (सामाईक सिंचनाच्या शेतीत) शेतात आलेलं पाणी कुठून आलं हे बघायला पाटकरी उलटा चालत जातो. प्रत्येक चारी कोणत्या पाटाला मिळते हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो बंधाऱ्यापर्यंत पोहोचतो. एका तोंडाशी चुकला तरी तो थांबत नाही, दुसऱ्याच पाटाने चालत राहतो. चुकलेल्या बॅकट्रेसचं दुखणं नेमकं हेच. प्रश्नचिन्हं आली तर निदान कळतं की माहिती संपली. पण खरी वाटणारी खोटी साखळी आली की दोन माणसं आठवडाभर भलत्याच फंक्शनमध्ये बग शोधत बसतात. म्हणून माझ्या मते अनवाइंडर सुधारणं म्हणजे निम्मं काम त्याला ‘मला माहीत नाही’ म्हणायला शिकवण्याचं आहे.

रिस्क-फाइव्हचं वैशिष्ट्य असं की कॉल करताना हार्डवेअर स्टॅकवर काहीच ठेवत नाही. परतीचा पत्ता आरए या रजिस्टरमध्ये जातो, बस्स. पुढे कोणाला कॉल न करणारं फंक्शन तो स्टॅकवर ठेवण्याच्या भानगडीत पडतच नाही. यातून एक फार उपयोगी नियम निघतो: आरए जपलेलं नाही हे उत्तर फ्रेम शून्यला शोभतं, किंवा ट्रॅपने (इंटरप्ट किंवा चूक आल्यावर चालू कोड मध्येच थांबवून होणाऱ्या उडीने) जिथे अडवलं त्या फ्रेमला. मधल्या कुठल्याही साध्या फ्रेमने खालच्याला कॉल केलेला आहे, म्हणजे तिचं आरए पुसलं गेलं आहे, म्हणजे तिने ते आधी कुठेतरी ठेवलेलंच असलं पाहिजे. मधल्या फ्रेमसाठी अनवाइंडर ‘आरए जागेवरच आहे’ म्हणाला तर तो प्रोलॉग चुकीचा वाचतोय, किंवा आपण साखळीच्या टोकाला आलोय, किंवा ते कधीच न परतणारं फंक्शन आहे आणि कंपायलरने आरए जपायची तसदी घेतलेली नाही. यापेक्षा चौथी शक्यता सहसा नसते.

तुमचा ‘दोन्ही फ्रेम एकच’ वाला संदेश यातूनच येतो. ट्रॅपची असेंब्ली एंट्री सी हँडलरला कॉल करते. हँडलरने आरए नीट जपलेलं असतं, त्यामुळे जीडीबी हँडलरमधून एंट्रीपर्यंत बिनचूक पोहोचतो. एंट्रीची पहिलीच सूचना एसपी आणि एमस्क्रॅच (ट्रॅप कोडसाठीचं मोकळं रजिस्टर) यांची अदलाबदल करणारी असेल तर अंदाजाने प्रोलॉग वाचणाऱ्याला ती कळत नाही आणि तो तिथेच थांबतो. त्याच्या हिशेबी फ्रेमचा आकार शून्य, आरए जागेवरच. मग एंट्रीला कॉल करणारा कोण? आरए. आरएमध्ये काय? एंट्रीमधलाच पत्ता. सीएफए तोच, फंक्शन तेच, म्हणजे फ्रेमची ओळख तीच. जीडीबी दोन फ्रेम वेगळ्या मानतो ते सीएफए आणि फंक्शनचा आरंभपत्ता या जोडीवरून. जोडी पुन्हा तीच आली की तो हात वर करतो. स्टॅक बिघडलेला नसतो, त्या संदेशातल्या प्रश्नाने घाबरू नका.

आता कोण बोलतंय ते कसं ओळखायचं. जीडीबीत अनवाइंडरांची रांग असते. प्रत्येकाला विचारलं जातं, ही फ्रेम तुझी का? पहिला हो म्हणेल त्याला ती मिळते. रिस्क-फाइव्हसाठी ड्वार्फची, म्हणजे कंपायलरने लिहून ठेवलेली डीबगची, माहिती वापरणारे आधी, आणि प्रोलॉग वाचून अंदाज बांधणारा सगळ्यांच्या शेवटी. पायथॉनमध्ये लिहिलेला तुमचा स्वतःचा अनवाइंडर असेल तर तो या सगळ्यांच्या आधी बसतो. ‘सेट डीबग फ्रेम ऑन’ दिलं की कोणत्या फ्रेमला कोण हो म्हणालं ते छापून येतं, नव्या आवृत्त्यांत तर प्रत्येकाचं नाव घेऊन. ‘सेट डीबग रिस्कव्ही अनवाइंडर ऑन’ दिलं की अंदाज बांधणाऱ्याने काय ठरवलं तेही दिसतं. आणि ‘मेंट सेट ड्वार्फ अनवाइंडर्स ऑफ’ ही आज्ञा फारच कामाची: ड्वार्फवाले बाजूला बसवून तोच बॅकट्रेस पुन्हा काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवायचे. जिथून ते वेगळे होतात ती फ्रेम तुमची. तिच्यावर ‘इन्फो फ्रेम’ मारा, सीएफए आणि आरएची जागा बघा, आणि डिसअसेंब्ली उघडून हाताने पडताळा. तुमच्या साध्या सी फंक्शनांवर अंदाजवाला हो म्हणताना दिसला, तर त्याला सुधारण्याआधी विचारा की ड्वार्फवाला नाही का म्हणाला?

बहुतेकदा उत्तर एकच असतं: त्या पत्त्यासाठी सीएफआयची (सीएफए आणि जपलेली रजिस्टरं कुठे आहेत ते सांगणारी ड्वार्फमधली) माहितीच नाही. फ्लॅश वाचवायला लिंकर स्क्रिप्टमध्ये ‘ईएच फ्रेम’ विभाग टाकून दिलेला असतो, आणि तयार मिळालेली लायब्ररी ‘-जी’शिवाय बांधलेली असते. ‘ईएच फ्रेम’ चिपवर चढतो, जागा खातो, म्हणून तो काढणं एक वेळ समजू शकतं. पण ‘-जी’ने येणारा ‘डीबग फ्रेम’ विभाग चिपवर चढतच नाही, तो तुमच्या कॉम्प्युटरवरच्या एल्फ फाइलमध्ये (लिंकरने बनवलेल्या मूळ फाइलमध्ये) राहतो. त्याने फ्लॅशचा एक बाइटही जात नाही. तेव्हा अंतिम बांधणीतही ‘-जी’ लावा, चिपवर चढवायची बायनरी वेगळी काढा, एल्फ जपून ठेवा. ‘रीडएल्फ’ने फ्रेमची माहिती उलगडून छापता येते, तुमच्या सगळ्या फंक्शनांचे पत्ते तिथे सापडतात का ते एकदा बघून घ्या. एवढ्यानेच तुमची निम्मी प्रश्नचिन्हं जातील असं मला वाटतं.

सी कोडचं कंपायलर बघतो. असेंब्लीचं कोणी बघत नाही, आणि तुमचं खरं दुखणं तिथेच आहे. त्यामुळे इथे जरा सविस्तर.

रिस्क-फाइव्हमध्ये ट्रॅप आला की हार्डवेअर अडवलेल्या सूचनेचा पत्ता एमईपीसीमध्ये ठेवतं, कारण एमकॉजमध्ये, आणि एमटीव्हेकमधल्या पत्त्यावर उडी मारतं. स्टॅकला हात लावत नाही. आर्मच्या कॉर्टेक्स-एम चिपवर असं नसतं. तिथे हार्डवेअर स्वतःच ८ शब्द स्टॅकवर ठेवतं आणि एलआर या परतीच्या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये एक खास खुणेची किंमत भरतं, त्यामुळे ‘ही अपवादाची फ्रेम आहे’ हे जीडीबीला त्या खुणेवरून कळतं आणि मांडणीही आधीच माहीत असते. रिस्क-फाइव्हवर खूण नाही, मांडणी तुमची तुम्ही ठरवलेली. म्हणजे डीबगरला सांगण्याची जबाबदारीही तुमचीच. (काही उत्पादकांनी ट्रॅप येताच काही रजिस्टरं हार्डवेअरनेच बाजूला ठेवण्याची स्वतःची सोय घातलेली असते. तुमच्या चिपवर ती चालू असेल तर ती रजिस्टरं कुठे जातात हे मॅन्युअलमध्ये वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. काही ठिकाणी ती डीबगरला दिसणाऱ्या मेमरीत असतीलच असं नाही.)

इथे दोन वेगळे परतीचे पत्ते असतात आणि सगळा गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून होतो. अडवलेलं फंक्शन जिथे अडवलं गेलं तो पत्ता एमईपीसीत. त्या फंक्शनचं स्वतःचं आरए, म्हणजे ते संपल्यावर कुठे जायचं तो पत्ता, आरए रजिस्टरमध्ये, जे ट्रॅपच्या क्षणी होतं तसंच. ड्वार्फमध्ये रिस्क-फाइव्हसाठी परतीच्या पत्त्याचा स्तंभ सहसा १ असतो, म्हणजे आरए. तुम्ही सी फंक्शनला ‘इंटरप्ट’ हे विशेषण लावून थेट हँडलर केलं, तर ‘आरए अमुक जागी जपलंय’ एवढंच सीएफआयमध्ये लिहिलं जातं आणि जीडीबी त्यालाच परतीचा पत्ता मानतो. परिणाम? अडवलेलं फंक्शन साखळीतून गायब, आणि त्याला कॉल करणारं फंक्शन थेट हँडलरच्या वर. त्यात आणखी भर अशी की एसपी असतो अडवलेल्या फंक्शनचा आणि पीसी (सूचनेचा पत्ता) त्याच्या कॉलरचा, म्हणून त्याच्या पुढची फ्रेमही चुकते. ‘एकमेकांना कधीच कॉल न करणारी फंक्शनं शेजारी’ या तुमच्या तक्रारीचं हे पहिलं कारण.

यावरचा इलाज एबीआयनेच (रजिस्टरं आणि कॉल यांच्या ठरलेल्या नियमांनीच) ठेवलाय. रिस्क-फाइव्हच्या ड्वार्फ क्रमांकांत ० ते ३१ पूर्णांक रजिस्टरं, ३२ ते ६३ फ्लोटिंग पॉइंटची, आणि ६४ हा क्रमांक ‘पर्यायी परतीचा स्तंभ’ म्हणून राखलेला आहे, सिग्नल हँडलरमधून मागे जाण्यासाठीच. तो वापरा. हँडलर थेट सीमध्ये न लिहिता एक छोटी असेंब्ली एंट्री ठेवा. तिच्या सुरुवातीला ‘सीएफआय सिग्नल फ्रेम’ आणि ‘सीएफआय रिटर्न कॉलम ६४’. मग एसपी १२८ ने खाली आणा आणि पुढच्याच ओळीत सीएफएचा ऑफसेट १२८ झाला असं सांगा. १२८ बाइट म्हणजे ३२ शब्द: शून्य आणि एसपी सोडून ३० रजिस्टरं, शिवाय एमईपीसी आणि एमस्टेटस, नेमकं बसतं. प्रत्येक रजिस्टर ठेवलं की त्याची जागा सीएफआयला सांगा. आरएची जागा आरएच्या नावाने, आणि एमईपीसी जिथे ठेवलं ती जागा ६४च्या नावाने. झालं. आता जीडीबी एंट्रीमधून वर जाताना पीसी घेतो एमईपीसीच्या जागेतून, आणि आरए अडवलेल्या फंक्शनच्या ताब्यात तसंच ठेवतो. ते फंक्शन कोणालाही कॉल न करणारं असलं तरी साखळी तुटत नाही.

‘सिग्नल फ्रेम’ ही ओळ शोभेची नाही. साध्या कॉलच्या फ्रेममध्ये पीसी म्हणजे परतीचा पत्ता, कॉलच्या पुढची सूचना. कॉल फंक्शनच्या अगदी शेवटी असेल तर तो पत्ता पुढच्या फंक्शनचा पहिला पत्ता असू शकतो, म्हणून जीडीबी शोधताना पीसीतून १ वजा करतो. अडवलेल्या फ्रेमचा पीसी मात्र परतीचा पत्ता नसतो. तिथे १ वजा केलं आणि फंक्शन पहिल्याच सूचनेवर अडवलं गेलेलं असलं, तर भलतंच फंक्शन सापडतं. सिग्नल फ्रेम म्हटलं की ही वजाबाकी होत नाही. एंट्रीच्या स्वतःच्या पीसीलाही ती लागत नाही, म्हणून सी हँडलरच्या कॉलनंतर लगेच जी सूचना येते तिलाही तोच सीएफआय लागू असू द्या. कॉलनंतर एंट्री संपलेली नको. दुसरा फायदा मोठा आहे. साधी फ्रेम मागच्या फ्रेमच्या खाली गेलेली दिसली की जीडीबी ‘स्टॅक उलटा चाललाय’ म्हणून थांबतो. ही तपासणी फक्त साध्या फ्रेमांत होते. सिग्नल फ्रेम मध्ये असली की तो एका स्टॅकवरून दुसऱ्यावर उडी मान्य करतो, आणि फ्रीआरटीओएसमध्ये ती उडी असतेच.

कारण फ्रीआरटीओएस टास्कचा संदर्भ टास्कच्याच स्टॅकवर ठेवतं, एसपी टास्कच्या टीसीबीच्या (टास्कची माहिती ठेवणाऱ्या रचनेच्या) पहिल्या जागी नोंदवतं, आणि मग इंटरप्टच्या वेगळ्या स्टॅकवर जातं. एसपी बदलला की ‘सीएफए म्हणजे एसपी अधिक १२८’ हे वाक्य खोटं होतं. यावर लोक पायथॉन अनवाइंडर लिहून टीसीबी वाचतात. चालतं ते. पण एंट्री तुमच्या हातात असेल तर याहून स्वस्त उपाय आहे: सगळी रजिस्टरं ठेवून झाल्यावर, स्टॅक बदलण्याआधी, एसपीची किंमत एस० या (कॉल झालेल्या फंक्शनने जपायच्या) रजिस्टरमध्ये घ्या आणि सीएफआयला सांगा की आता सीएफए एस०वरून मोजायचा. एस०ची मूळ किंमत आधीच जपलेली आहे. सी हँडलर एस० बदलणार असेल तर एबीआयप्रमाणे जपूनच बदलेल, आणि त्याचा सीएफआय ते परत मिळवून देईल. शेवटी संदर्भ परत भरताना एस०ला त्याची खरी किंमत मिळते. टीसीबीची मांडणी, फ्रीआरटीओएसची आवृत्ती, डीबगरला काहीच ठाऊक असावं लागत नाही.

एमईपीसी मात्र नेहमी स्टॅकवर ठेवा, आत दुसरा इंटरप्ट घेणार नसलात तरी. जिवंत सीएसआरमधली (एमईपीसीसारख्या नियंत्रण रजिस्टरमधली) किंमत फक्त सगळ्यांत आतल्या ट्रॅपची असते. हँडलरमध्येच दुसरी चूक झाली की पहिली गेली. आणि काही पोर्ट सिंक्रोनस अपवादासाठी एमईपीसीत ४ मिळवून ठेवतात, ईकॉल या मुद्दाम ट्रॅप घडवणाऱ्या सूचनेनंतर पुढे जाता यावं म्हणून. तीच किंमत चुकीच्या मेमरी वाचनावर वापरली तर बॅकट्रेस पुढच्या सूचनेवर बोट ठेवतो, आणि २ बाइटांची दाबलेली (कॉम्प्रेस्ड) सूचना असेल तर कदाचित भलत्याच सूचनेच्या मधोमध. म्हणून डंपमध्ये एमईपीसी कच्चं, जसं आलं तसं, वेगळं लिहा.

पायथॉनबद्दल दोन शब्द. जीडीबीत पायथॉनमधून अनवाइंडर लिहिता येतो आणि प्रयोगासाठी तो उत्तम आहे. पुन्हा बांधणी नको, तयार जीडीबीवर चालतो. पण त्याची फ्रेम जीडीबी साधीच मानतो. म्हणजे वर सांगितलेली वजाबाकी आणि ‘उलटा चाललाय’ ही तपासणी, दोन्ही तुमच्या डोक्यावर. शिवाय त्याच्या आतून निवडलेली फ्रेम मागणारं किंवा एखादं एक्स्प्रेशन चालवणारं काहीही केलं, की फ्रेम काढायला पुन्हा तुमचाच अनवाइंडर बोलावला जातो आणि चक्र सुरू होतं. हातात आलेल्या अर्धवट फ्रेमकडून रजिस्टर वाचा, मेमरी थेट वाचा, याबाहेर जाऊ नका.

तिसऱ्या लक्षणाचं दुसरं कारण अगदी साधं असू शकतं: टेल कॉल. फंक्शनचं शेवटचं काम दुसऱ्याला कॉल करणं असेल तर ‘-ओएस’मध्ये जीसीसी कॉलऐवजी सरळ उडी मारू शकतो (‘-एमसेव्ह-रिस्टोअर’ लावलेल्या कोडमध्ये सहसा नाही, पण त्याशिवाय बांधलेल्या लायब्ररीत होऊ शकतं). मधलं फंक्शन स्टॅकवर उरतच नाही, आणि कोणताही अनवाइंडर ते स्टॅकवरून परत आणू शकत नाही. ‘-एफनो-ऑप्टिमाइज-सिब्लिंग-कॉल्स’ लावून एक बांधणी करा. साखळी सरळ झाली तर बग डीबगरचा नव्हताच.

आता अंदाज बांधणाऱ्याकडे येऊ, कारण कधीतरी लागतोच. बंद बायनरीत सीएफआय नसतो, आणि फंक्शन पॉइंटर बिघडून पीसी कुठल्या कुठे गेला तरी हाच उरतो. जीडीबीत हा कोड ‘रिस्कव्ही-टीडेप’ या फाइलमध्ये आहे. तो सूचनांचे ठराविक साचे जुळवत नाही, प्रत्येक रजिस्टरची किंमत ‘सुरुवातीचा एसपी अधिक इतके’ अशा रूपात धरून प्रोलॉग चालवून बघतो. भर घालायची तर याच पद्धतीत घाला, साचे वाढवत बसू नका. मोठ्या फ्रेमचं उदाहरण घ्या. सूचनेतला आकडा १२ बिटी आणि चिन्हासह, म्हणजे -२०४८ ते २०४७. त्याहून मोठी फ्रेम असली की कंपायलर आकडा आधी एका तात्पुरत्या रजिस्टरमध्ये तयार करून मग एसपीत मिळवतो. साचा जुळवणाऱ्याला हे नवं वाटतं. किंमती धरणाऱ्याला ती नुसती बेरीज आहे.

तुमच्या ‘-एमसेव्ह-रिस्टोअर’मुळे फंक्शनाची पहिली सूचनाच कॉल असते, लिबजीसीसी या जीसीसीच्या लायब्ररीतल्या सेव्ह रूटीनला. हा कॉल परतीचा पत्ता आरएमध्ये न घेता टी० या तात्पुरत्या रजिस्टरमध्ये घेतो, म्हणून मूळ आरए शाबूत राहतं. कॉल दिसला की प्रोलॉग संपला असं मानणारा वाचक इथे पहिल्याच पावलावर घसरतो. त्याला शिकवायचं ते एवढंच: कॉल टी०त जात असेल आणि लक्ष्याचं नाव सेव्ह रूटीनचं असेल तर त्यातला क्रमांक घ्या. क्रमांक म्हणजे जपलेल्या एस रजिस्टरांची संख्या. ३२ बिटी साध्या एबीआयमध्ये एसपी किती खाली गेला ते काढायचं तर क्रमांकात १ मिळवा, ४ने गुणा आणि १६च्या पुढच्या पटीपर्यंत न्या: ० ते ३ साठी १६, ४ ते ७ साठी ३२, ८ ते ११ साठी ४८, १२ साठी ६४. आरए सीएफएच्या ४ खाली, एस० ८ खाली, असं क्रमाने. नवीन चिपवर झेडसीएमपी विस्तार असेल तर हेच काम एक ‘पुश’ सूचना करते, पण क्रम उलटा: शेवटचं एस रजिस्टर सगळ्यांत वर आणि आरए सगळ्यांत खाली. एकाचा हिशेब दुसऱ्याला लावला की परतीच्या पत्त्याच्या जागी एखादी एस किंमत येते.

फ्रेम पॉइंटर (एफपी) चालू ठेवून सगळं सोपं होईल असं कोणी सुचवेल. आर्म-६४ वरून आलेली माणसं हमखास सुचवतात आणि मग एफपी जिथे बोट दाखवतो तिथूनच वाचतात. रिस्क-फाइव्हवर एफपी सीएफएवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या टोकावर असतो. ३२ बिटींत आरए त्याच्या ४ खाली, जुना एफपी ८ खाली. आणि कोणाला कॉल न करणाऱ्या फंक्शनात आरए ठेवलेलंच नसतं, त्या ४ खालच्या जागी जुना एफपी बसलेला असतो. फ्रेम शून्य आणि ट्रॅपने अडवलेली फ्रेम यांच्यासाठी हा फरक सांभाळला नाही तर स्टॅकमधला पत्ता पीसी म्हणून छापून येतो.

अंदाजवाल्याने कधीही पीसीच्या पुढे वाचायचं नाही, कारण न चाललेली सूचना हिशेबात धरायची नसते. एपिलॉगचंही (फंक्शनच्या शेवटच्या आवराआवरीचंही) तेच: एसपी वर नेऊन झालाय आणि परतीची सूचना तेवढी उरलीय, अशा क्षणी इंटरप्ट आला तर सीएफए म्हणजे नुसता एसपी. पीसीवर परतीची सूचना आहे का एवढं बघितलं तरी बरंच निभावतं. आणि मग नकाराच्या अटी. सीएफए १६च्या पटीत हवा (१६ रजिस्टरांच्या आरव्ही-३२-ई एबीआयत ४च्या). परतीचा पत्ता कोडच्या विभागात हवा, दाबलेल्या सूचना असतील तर २च्या पटीत, नसतील तर ४च्या. त्या पत्त्याच्या ४ बाइट मागे आरएत लिहिणारा कॉल हवा, किंवा २ बाइट मागे दाबलेला कॉल. अंदाजाने काढलेली फ्रेम यातली एक जरी अट मोडत असेल तर साखळी तिथेच थांबवा, पुढचं काही छापू नका. कोणी म्हणेल बॅकट्रेस आखूड झाला. होऊ द्या.

साखळीला टोकही द्यावं लागतं. स्टार्टअपच्या असेंब्लीत ‘सीएफआय अनडिफाइन्ड आरए’ लिहा, म्हणजे जीडीबीला कळतं की याच्या मागे कोणी नाही. टास्कच्या मुळाशी फ्रीआरटीओएस आरएत सहसा शून्य ठेवतं, आणि पीसी शून्य आला की जीडीबी आपोआप थांबतो.

हे सगळं तपासायला रावेर-यावलच्या केळीच्या बागेत उन्हात लॅपटॉप घेऊन बसायची गरज नाही. क्वेमू या एम्युलेटरमध्ये ३२ बिटी ‘व्हर्ट’ मशीन चालवा, जीडीबी जोडा, एका फंक्शनच्या पहिल्या सूचनेवर थांबा आणि एकेक सूचना पुढे जात प्रत्येक पावलाला विचारा: कॉलर तोच आहे का, सीएफए तोच आहे का? फंक्शन संपेपर्यंत दोन्ही बदलता कामा नयेत. जीडीबीच्या स्वतःच्या चाचण्यांतही प्रत्येक सूचनेवर अनवाइंड करून बघणारी चाचणी आहे, तिच्यावरून नमुना घेता येईल. तुमच्या ट्रॅप एंट्रीसाठी हेच करा, ड्वार्फ चालू ठेवून. टायमरचा इंटरप्ट वेगवेगळ्या सूचनांवर पाडून बघा, विशेषतः फंक्शनच्या पहिल्या आणि शेवटच्या सूचनेवर. घाण तिथेच निघते.

डंपबद्दल: ३१ रजिस्टरं, कच्चं एमईपीसी, एमकॉज, एमटीव्हॅल (ट्रॅपची जास्तीची माहिती), टास्कचा स्टॅक एसपीपासून त्याच्या वरच्या टोकापर्यंत, आणि इंटरप्टचा स्टॅकही तसाच. वरचा भाग जागेअभावी कापला तर साखळीचं मूळ जातं. खालून कापता येत नाही, वरून कापू नका, त्यापेक्षा चेकसमसकट दोन सेक्टर घ्या. बिल्ड आयडी (त्या बांधणीची ओळख) डंपमध्ये लिहायलाच हवा. एका गावात तीन आवृत्त्यांचे डबे चालू असतात, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या एल्फवर उघडलेला डंप सगळ्या अटींत बसूनही खोटं बोलू शकतो.

एंट्रीचा सीएफआय लिहून, ‘-जी’ लावून पुन्हा बांधल्यावरही एखादी फ्रेम अडली तर त्या फ्रेमचं ‘इन्फो फ्रेम’, तिची डिसअसेंब्ली आणि रीडएल्फमधला तिचा सीएफआय, हे तीन तुकडे पाठवा. सगळा डंप नको.